डाव्या हाताची काजं

बापूसो मगदूम यांच्या सीटी स्कॅनमध्ये बायपासनंतरची अकरा वर्षं आली, आणि त्या अकराही वर्षांत त्यांच्या शर्टांची काजं भलत्याच कुठल्यातरी बाईनं केलेली होती.

ही गोष्ट त्यांच्या बायकोच्या, वैजयंताच्या लक्षात आली. डॉक्टरांच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. डॉक्टर रक्तवाहिन्या बघतात. वैजयंता इचलकरंजीत चाळीस वर्षं काज-बटणाचं काम करत होती. समोर माणूस आला की तिची नजर आधी त्याच्या शर्टाच्या पट्टीवरून खाली उतरायची आणि मग तोंडाकडे जायची. बापूसो तिला बघायला आले होते तेव्हासुद्धा तिला पहिल्यांदा दिसलं ते वरून तिसरं काज. ते उसवत आलं होतं. एवढ्यासाठीच आपण होकार दिला, असं ती अजून सांगायची.

मशीन दवाखान्याच्या तळघरात होतं. बायपासच्या आधी माणसाला त्यात घालायचं आणि बायपासनंतरचं आयुष्य फिल्मवर काढून घ्यायचं, अशी तिथली पद्धत होती. पूर्वी डॉक्टर नुसता अंदाज सांगत. आता फिल्मच हातात ठेवत. एका वर्षाची एक फिल्म, एका फिल्मवर वीस चौकोन. सुरुवातीच्या चौकोनांत बरगड्या, हृदय आणि पायातून काढून हृदयावर बसवलेल्या शिरा दिसत. पुढच्या चौकोनांत माणूस कपडे घालून घरच्या खुर्चीत बसलेला असे.

फोटो स्वच्छ यायचा तर ठोके पासष्टच्या आत हवेत. बापूसोंचे ब्याण्णव होते. त्यांना ठोके उतरायची गोळी दिली, पाऊण तास पडून राहायला सांगितलं, तरी ब्याण्णवच. वैजयंता उशाशी बसून त्यांच्या शर्टाची पट्टी सरळ करत होती. मशीन चालवणारा शिकलगार हा पन्नाशीचा, शांत, दिवसभर खिशातले शेंगदाणे खाणारा माणूस होता. त्यानं आकड्याकडे पाहिलं, वैजयंताकडे पाहिलं आणि शेंगदाणा चावायचा थांबला.

"वहिनी, तुम्ही जरा भाईर बसा," तो म्हणाला. "तुम्ही जवळ असला की ह्यांचं ठोकं खाली येईनात."

"मी काय केलो?"

"काय केला न्हाईसा. नुसतं भाईर बसा."

ती बाहेर गेली आणि काचेतून बघत राहिली. ब्याण्णवचे ऐंशी झाले, ऐंशीचे एकाहत्तर, आणि मग चौसष्ट. अडतीस वर्षांच्या संसारात तिला इतकं लागट कुणी बोललं नव्हतं, आणि इथं तर बापूसोंनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

आता वैजयंताचा स्वभाव संशयी नव्हता, असं तिच्या सख्ख्या आईनंही कधी म्हटलं नाही. बापूसो यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, मागांची देखभाल करायचे. तिथल्या एका मागाला ते लाडानं राणी म्हणत, हे कळल्यावर तिनं आठ दिवस अबोला धरला होता. शेजारणीनं दोडक्याच्या शिरांची चटणी दिली आणि बापूसोंनी ती दोनदा मागून घेतली, तेव्हापासून त्या घरात दोडका शिजला नाही. बापूसो हसायचे. त्यांना ते आवडतही असावं, कारण ते बायकांची नवी नावं सांगायचं थांबत नसत.

शिकलगारनं अकरा फिल्मा पाकिटात घालून तिच्या हाती दिल्या. ती त्या घेऊन जिन्याजवळच्या खिडकीशी गेली आणि हातात कापड आल्यावर जे करते तेच तिनं केलं: पहिली फिल्म उलटून धरली. काम वरून बघून कळत नाही. वरून सगळ्याच बायकांची काजं सारखी दिसतात. टाका कुणाचा ते उलट बाजूला कळतं. तिनं एकेक फिल्म तशीच उलटून उजेडात धरली. कोपऱ्यातल्या इंग्रजी अक्षरांशी तिला काही कर्तव्य नव्हतं.

पहिल्या वर्षी बापूसो खुर्चीत उशी छातीशी धरून बसले होते. तिसऱ्या वर्षी भिशीच्या कॅलेंडरखाली बसून कांदेपोहे खात होते. सातव्या वर्षी पोट थोडं सुटलं होतं. अकराव्या वर्षी नवा चष्मा होता आणि ते कशाला तरी हसत होते. बाई कुठंच नव्हती. नुसती तिची काजं होती, प्रत्येक शर्टावर सहा, आणि टाके सगळे उलट्या अंगाला कललेले. शेवटची गाठही दुसऱ्या टोकाला. अशी काजं फक्त डावरी बाई करते. त्यात शर्टाची पट्टीसुद्धा बायकांच्या कपड्यासारखी उलट्या बाजूला होती.

"ब्लाउजवाली हाय," वैजयंता स्वतःशी म्हणाली.

काम वाईट नव्हतं, हे तर आणखी वाईट होतं. टाके एकसारखे, कडा ताठ, एक धागा कुठं वर आलेला नाही. असं काम जीव लावल्याशिवाय होत नाही. तिनं अकराही फिल्मा पाकिटात कोंबल्या आणि डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर आरवाडे ऑपरेशन करणार होते. त्यांनी संमतीचा कागद पुढं केला.

"अकरा वर्षं चांगली आली आहेत. इथं सही करा."

"ही बाई कोण?"

"कुठली बाई?"

"काजं करणारी."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या दिव्यावर लावलेल्या त्यांच्या फिल्मा नीट पाहिल्या. "तिन्ही शिरा चालू आहेत," ते म्हणाले. "अकराव्या वर्षीसुद्धा चालू आहेत. बाकीचं आम्ही बघत नाही."

"आणि मी सही नाही केलो तर?"

"रोज एक फिल्म कोरी होईल."

तिनं सही केली नाही. कुठल्या तोंडानं करायची? ऑपरेशन झाल्यावर नवरा वाचणार, अकरा वर्षं पोहे खाणार, हसणार, आणि त्याच्या छातीवरची सहाच्या सहा काजं दुसरीची. आपण मेल्यावर ती येणार असं असतं, तर वैजयंतानं एक वेळ सोसलंही असतं. पण ती पहिल्या वर्षाच्या पहिल्याच शर्टावर होती. म्हणजे टाके वाळायच्या आत घरात आलेली होती.

मंगळवारी सकाळी तिनं पाकीट उघडलं तेव्हा अकराव्या वर्षाची फिल्म कोरी झालेली होती. नवा चष्मा गेला होता. फिल्मच्या आरपार तिला जिना दिसला.

नातेवाइकांनी बसायची जागा म्हणजे तळघरातलाच एक बोळ होता. सोमवारी तिथं आडव्या ओळीत सहा खुर्च्या मावत होत्या. मंगळवारी पाच मावल्या. भिंती आत आल्या होत्या. एका माणसानं आपली पिशवी मांडीवर घेतली, एका बाईनं थर्मास पायांत धरला, आणि लोक पुन्हा वाट बघायला लागले. वैजयंतानंही खुर्ची थोडी तिरकी केली.

भेटायच्या वेळेला ती वर वॉर्डात गेली. ती खाटेजवळ येताच बापूसोंच्या डोक्यावरच्या पडद्यातला ठोक्यांचा आकडा ब्याण्णव झाला.

"डावरी कोण हाय?" तिनं विचारलं.

"कशातली?"

"तुमच्या वळखीतली."

बापूसो खरोखरच आठवायला लागले. हाच त्या माणसाचा दोष होता. "यड्रावच्या आत्तीची सून डावरी हाय," ते म्हणाले. "रेशन दुकानात ती एक बसायची, ती डाव्या हातानं लिवायची. आणि शाळंत एक सुभद्रा हुती."

"सुभद्रा."

"ती वारली की गं."

"कधी?"

"चौथीत असताना."

वैजयंतानं सुभद्रेला वगळलं, पण लगेच नाही.

"वैजू, सही कर की," बापूसो म्हणाले. "छातीवर कोण तर बसल्यागत हुतंय."

"कोण बसलंय?"

त्यांनी डोळे मिटले आणि ओठांच्या कडेनं हसले. तिला ते हसू नको होतं. तिला नाव हवं होतं. ती खाली वाकली. "मी जवळ आलो की तुमचं ठोकं का वाढत्यात?"

"लग्नापासनं वाढत्यात."

"का पण?"

"आता काय सांगू," बापूसो म्हणाले. त्यांना दम लागला. आकडा ब्याण्णवच होता. हे काही उत्तर नव्हे, असं वैजयंताला वाटलं. एवढ्या वर्षांत माणूस जिच्याजवळ शांत होत नाही ती त्याची कोण लागते? अकरा वर्षं निवांत खुर्चीत बसलेला तो माणूस तिला पुन्हापुन्हा आठवत होता. तिथं त्याचे ठोके चौसष्ट असणार याबद्दल तिला शंका नव्हती.

बुधवारी फिल्मा नऊ राहिल्या आणि खुर्च्या चार. सिस्टर बोळाच्या तोंडाशी उभं राहून सगळ्यांना एकच सूचना देऊन गेली: ज्यांच्या माणसाचं बायपास व्हायचं आहे त्यांनी एक उशी तयार ठेवायची. छाती मधोमध कापून शिवलेली असते. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, म्हणजे टाके तुटत नाहीत. अभ्रा घरचा हवा आणि त्याला बटणं हवीत.

वैजयंताच्या पिशवीत सुई, दोरा, कात्री आणि पांढरं पॉपलीन कायमच असे. तिनं अभ्रा कापला, पाच काजांच्या खुणा केल्या, सुईत दोरा ओवला आणि थांबली. पहिल्या वर्षाच्या फिल्मवर बापूसोंनी धरलेली उशी तिला आठवली. त्या उशीलाही पाच काजं होती, आणि तीही डावरीचीच.

तेव्हा तिच्या डोक्यात ते आलं. डावरीच यायची असेल, तर डावरी मीच होईन. तिच्या जागी मीच जाऊन बसते, मग बघते ती कुठून येते.

तिनं सुई डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पदरात गुंडाळून कमरेशी खोचून टाकला. मदतीला येऊ नये म्हणून. कापड गुडघ्यांत धरून केलेलं पहिलं काज लहान पोरानं केल्यासारखं झालं. तिनं ते उसवलं. दुसऱ्यांदा टाके बरे पडले, पण जुन्याच अंगाला कलले. तेही उसवलं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं थर्मास या पायातून त्या पायात घेतला आणि विचारलं, "उजव्याला लागलंय काय?"

"न्हाई. नको झालाय."

गुरुवारी सकाळी फिल्मा आठ होत्या. वैजयंतानं तोंड धुवायला पदर सोडला तेव्हा उजव्या तळव्यातून तिला मोरीच्या फरशा दिसल्या. हात पातळ व्हायला लागला होता. दुखत नव्हता. तिनं तो उजेडात धरून, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा पदरात गुंडाळला. डाव्या हाताचं पहिलं काज त्या दिवशी दुपारी जमलं. टाके उलट्या अंगाला कलले, शेवटची गाठ दुसऱ्या टोकाला बसली. तिनं सातव्या वर्षाची फिल्म काढून शेजारी धरली. काही फरक नव्हता.

तिला फार आनंद झाला. तो आनंद चांगला नव्हता, हे तिला कळत होतं. दुसरीच्या घरात शिरून तिच्याच चुलीवर चहा करून प्यायल्यासारखा तो आनंद होता. पण चार दिवसांत पहिल्यांदा तिनं पोटभर जेवण केलं.

शुक्रवारी सात फिल्मा राहिल्या. बोळात दोनच खुर्च्या मावत होत्या. वरचं छत भिंतींकडे वाकत आलं होतं, त्यामुळं उभं राहायचं तर मधोमधच राहावं लागे. थर्मासवाली बाई सही करून निघून गेली होती. जाताना ती अंग तिरकं करून गेली.

दुपारी वॉर्डातून निरोप आला की मगदूमांना फार त्रास होतो आहे. ओठ निळे पडले आहेत. जिभेखाली गोळी ठेवली आहे, नाकाला नळी लावली आहे. वैजयंताचं चौथं काज अर्धं झालं होतं. ती उठली आणि पुन्हा बसली. अजून एक काज राहिलं होतं. आत्ता गेलो तर अर्धीच डावरी होऊन जाणार, आणि उरलेल्या अर्ध्यात ती शिरणार, असं तिला वाटलं. आपण नवऱ्याचं एकेक वर्ष घालून एकेक काज करतो आहोत, हे तिला स्वच्छ कळत होतं. तिला रडू येत होतं. सुई मात्र थांबत नव्हती.

सिस्टर परत आली. "येताय ना?"

"एवढं एक काज झालं की आलो."

शनिवारी सकाळी पाचवं काज झालं. तिनं उशी अभ्र्यात घातली, पाचही बटणं लावली. फिल्मा सहा उरल्या होत्या. सहाव्या वर्षापर्यंतचे पोहे उरले होते. ठीक आहे, सहा तर सहा, पण सहाही माझी, असं म्हणत तिनं पदर सोडला. उजवा हात आता कोऱ्या फिल्मसारखा झाला होता. त्यातल्या हिरव्या बांगड्या नुसत्याच हवेत अडकल्यासारख्या दिसत होत्या. तिनं त्या काढून डाव्या हातात घातल्या आणि वर गेली.

बापूसो डोळे मिटून पडले होते. ती खाटेला लागून उभी राहिली. डोक्यावरच्या आकड्याकडे बघायचा तिला धीर होत नव्हता, तरी तिनं पाहिलं. चौसष्ट.

ती आणखी जवळ गेली. शर्टाच्या पट्टीवर डावा हात ठेवला. चौसष्ट. तिला वाटलं, जिंकलो. एवढ्या वर्षांनी हा माणूस माझ्याजवळ शांत पडला आहे.

बापूसोंनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, आणि परक्या माणसाला करतात तसा किंचित नमस्कार केला.

"बसा की, ताई," ते म्हणाले.

"अहो, मी हाय."

"उशी आणलीसा व्हय? बरं झालं. तितं ठेवा." त्यांना मधेमधे दम लागत होता. "आमची ही खाली बसली असंल. रुसलीया. तिला तेवढं सांगता काय, सही कर म्हणून? माझं ऐकत न्हाई ती."

"अहो, बघा तर माझ्याकडं. मी वैजू."

बापूसोंनी सभ्यपणे पाहिलं. आकडा हलला नाही. "तिला सांगा," ते म्हणाले, "सुभद्रा खरंच वारलीया."

वैजयंता उशी काखेत मारून जिन्यानं धावत खाली आली. काचेच्या खोलीच्या दारात टेबल टाकून शिकलगार बसला होता. समोर संमतीचा कागद होता, मागं काचेत आतलं मशीन दिसत होतं. डॉक्टर आरवाडे हात धुऊन, ते कोपरांच्या वर धरून उभे होते.

"सही करतो," ती म्हणाली आणि पेन उचलून डाव्या हातानं नाव लिहिलं.

शिकलगारनं सोमवारचा दाखल करतानाचा कागद काढला आणि दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. डॉक्टरांनी वाकून पाहिलं.

"ही पेशंटच्या पत्नीची सही नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको हाय मी. अडतीस वर्षं झाली."

"पत्नीची सही लागते."

तिनं उजव्या हातानं पेन धरायला पाहिलं. पेन हातातून आरपार टेबलावर पडलं. शिकलगारनं ते उचलून पुन्हा नीट ठेवलं. मग तिनं पाकिटातली पहिल्या वर्षाची फिल्म काढली, उजेडात धरली आणि काखेतली उशी तिच्याशेजारी केली.

"हे बघा. ऑपरेशननंतर ह्यांच्यासंगं कोण हाय ते तुमच्याच मशीननं काढलंय. ही काजं बघा आणि ही माझी काजं बघा. मीच हाय ती."

शिकलगार शेंगदाणा चावत फिल्मकडे बघत राहिला. "फिल्म उलटी धरलायसा, ताई," तो म्हणाला.

"उलटीच बघत्यात."

"कापड बघत असतील. काळीज कुठल्या अंगाला दिसतंय ते बघितला न्हाईसा काय?" त्यानं फिल्म तिच्या हातातून घेतली आणि फिरवून धरली.

हृदय डाव्या अंगाला गेलं. शर्टाची पट्टी पुरुषांच्या बाजूला आली. टाके फिरले, शेवटची गाठ फिरली, आणि वैजयंताला दिसलं. चाळीस वर्षं रोज पाहिलेला टाका होता तो. फिल्ममधल्या उशीवरची पाचही आणि शर्टावरची सहाही. अंधारात बोट फिरवलं असतं तरी तिनं ओळखला असता.

"ही माझी हायत," ती म्हणाली.

शिकलगारनं तिच्या उशीकडे पाहिलं, मग फिल्मकडे. "न्हाई," तो म्हणाला. "ही उजव्या हाताची हायत. ह्यांच्या बायकोची."

त्यानं कागद पुढं ओढला आणि बोळाच्या दिशेनं तोंड करून, सगळ्यांना हाक मारतो तशीच, ना मोठी ना लहान, हाक मारली. "वैजयंता बापूसो मगदूम."

बोळ आता गोल झाला होता. त्यात एकच खुर्ची मावत होती, आणि त्या खुर्चीत एक बाई बसून काज करत होती. तिनं दाढेखाली दोरा तोडला, सुई पदराला टोचली आणि उठली. अंगावर सोमवारी नेसलेलं लुगडं होतं. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा तिचा चेहरा होता. टेबलापाशी येऊन तिनं उशी घेतलेल्या बाईला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. आधी अभ्र्याची पट्टी, मग काजं, आणि मग तोंड.

"ही कोण?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "सही करा."

तिनं उजव्या हातानं सही केली. पेन ठेवताना तिनं पुन्हा एकदा त्या काजांकडे पाहिलं. काम वाईट नव्हतं, हे तिला दिसलं असावं. शिकलगारनं कागद घेतला. बापूसोंची स्ट्रेचरची गाडी लिफ्टनं खाली आणून काचेपलीकडे लावलेली होती. सही करणारी बाई दार लोटून आत गेली, आणि दार आपोआप लागलं.

काचेबाहेर डावरी उभी राहिली. आत आकडा चौसष्ट होता. बाई गाडीजवळ गेली. पासष्ट. तिनं वाकून काहीतरी विचारलं. काचेमुळं ऐकू आलं नाही, पण कुणाचं तरी नाव विचारत असावी. बापूसो डोळे मिटूनच ओठांच्या कडेनं हसले. एकाहत्तर. ती त्यांच्या शर्टाची पट्टी वरून खाली सरळ करत आली आणि तिसऱ्या काजाशी थांबली. ऐंशी.

डावरीनं उशी छातीशी घट्ट धरली. आकडा ब्याण्णववर गेला आणि तिथंच राहिला.